अंगणातला रॅम्प आणि ऑटोमॅटिकचं ऑइल

बिनगिअरची गाडी बारामतीला नवी नाही. पियाजिओच्या इथल्या कारखान्यातून तीनचाकी रिक्षा आणि टेम्पो निघत होतेच, २०१२ पासून व्हेस्पाही इथेच तयार होऊ लागली. त्या स्कूटरची ‘ऑटोमॅटिक’ यंत्रणा तशी साधी आहे: एक रबरी पट्टा, वेगाप्रमाणे रुंद-अरुंद होणाऱ्या दोन पुली, आणि मागच्या चाकाजवळच्या दातेरी चाकांसाठी वाटीभर गिअर ऑइल. पट्टा कोरडाच चालतो. वाटीभर ऑइल बदलायला कुठल्याही गॅरेजातल्या पोराला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही.

चारचाकीचं तसं नाही. बारामतीहून भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर आता बऱ्याच वस्त्यांवर ट्रॅक्टरशेजारी ऑटोमॅटिक गाडी उभी दिसते. कुणी गुडघे दुखतात म्हणून घेतलेली, कुणी पुण्याच्या गर्दीत क्लच दाबून कंटाळला म्हणून. ज्या घरात ट्रॅक्टरचं ऑइल अंगणातच बदललं जातं, त्या घरात या गाडीचं ऑइल बदलायची वेळ आली की वाद होतो. घरी करायचं की वर्कशॉपात? आणि मुळात करायचं की नाही? दोन्ही बाजू मी पुष्कळदा ऐकल्या आहेत. इथे त्या सणसरजवळच्या एका ऊस बागायतदाराच्या आणि बारामतीत सर्व्हिस अॅडव्हायझर असलेल्या त्याच्या भाचीच्या तोंडी घातल्या आहेत. माणसं कल्पित आहेत, वाद खरा आहे.

मामा : ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला चाळीस-पन्नास लिटर ऑइल बसतं. ते मी लिंबाखाली बदलतो. हजार तास भरले की प्लग खोलायचा, पिंप लावायचं, रात्रभर निथळू द्यायचं, सकाळी जाळी धुवायची, फिल्टर टाकायचा, नवीन ऑइल भरायचं. हायड्रॉलिक बी त्याच ऑइलवर, ब्रेक बी त्याच ऑइलात बुडालेले. आजवर काय बी बिघडलं न्हाय. आन् गाडीच्या चार लिटरसाठी मी बारामतीला येऊन तुझ्या काउंटरपुढं बसू?

भाची : बसू नका. पण आधी सांगा, तुमच्या गाडीत ऑटोमॅटिक कुठलं आहे?

मामा : कुठलं म्हंजे? क्लच न्हाय ते.

भाची : क्लच न दिसणाऱ्या गाड्या चार तऱ्हेच्या आहेत, मामा. २०१४ साली सेलेरिओ आली तेव्हापासून स्वस्त गाड्यांत जे ऑटोमॅटिक मिळायला लागलं, ते एएमटी. आत साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट. ती दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्यात लाल ऑइल नसतंच, साधं गिअर ऑइल असतं, आणि क्लच दाबणाऱ्या यंत्राचं हायड्रॉलिक ऑइल वेगळ्या छोट्या टाकीत. दुसरी तऱ्हा सीव्हीटी. व्हेस्पाच्या पट्ट्यासारखीच कल्पना, पण पट्टा पोलादी आणि ऑइलात चालणारा. तिसरी दोन क्लचची डीसीटी. आणि चौथी तुमच्या डिझेल गाडीत आहे, टॉर्क कन्व्हर्टरची. चौघींचं ऑइल वेगळं, आणि ते बघायची रीतही वेगळी.

मामा : मग त्या तिघींचं मला कशाला सांगतीस? माझी चौथी.

भाची : कारण तुमच्या हातातला तो लाल कॅन बघून मला धडकी भरली.

लाल कॅन ट्रॅक्टरच्या पॉवर स्टेअरिंगचा होता. इथे घोटाळा होतो, आणि तो नेमका जाणत्या माणसांकडूनच होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्याकडे पॉवर स्टेअरिंगला पुष्कळदा जे लाल ऑइल घालतात ते खरोखरच ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं, म्हणजे एटीएफ असतं. पण जुन्या पिढीचं. लाल रंग हा नुसता घातलेला रंग आहे. गळती झाली तर ती इंजिन ऑइलची नाही हे कळावं एवढाच त्याचा उपयोग. काही कंपन्यांचं सीव्हीटीचं ऑइल निळसर किंवा हिरवट असतं. रंगावरून ऑइलची जात कळत नाही. ती मॅन्युअलमध्ये, आणि काही गाड्यांत डिपस्टिकवर, छापलेली असते. डेक्सरॉन सहा, टोयोटाचं डब्ल्यूएस, निसानचं एनएस तीन, होंडाचं एचसीएफ दोन. यातलं एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. सीव्हीटीत टॉर्क कन्व्हर्टरचं लाल ऑइल घातलं तर पोलादी पट्टा पुलीवर घसरतो आणि दोन्हींवर ओरखडे पडतात. मग ऑइल बदलून भागत नाही, आख्खा बॉक्स उतरवावा लागतो.

मामा : ऑइल ते ऑइल. दात झिजू नयेत म्हणून घालायचं. पातळ-जाड एवढाच फरक.

भाची : ट्रॅक्टरमध्ये इंजिनाची ताकद चाकापर्यंत कशातून जाते?

मामा : क्लच प्लेट, मग गिअर, मग डिफरन्शियल.

भाची : तुमच्या गाडीत ती सुरुवातीला ऑइलातूनच जाते. इंजिन एक पंखा फिरवतं, तो ऑइल फेकतो, ते ऑइल समोरच्या दुसऱ्या पंख्यावर आदळून त्याला फिरवतं. मधे घट्ट जोड नाही, म्हणून तर गिअर टाकलेला असताना ब्रेकवर उभी राहूनही गाडी बंद पडत नाही. पुढं आतल्या क्लच प्लेटा दाबायच्या त्याही ऑइलच्या दाबानं. कुठला गिअर कधी लागणार हे संगणक ठरवतो, पण लावतं ऑइल. दातांना वंगण द्यायचं काम आहेच; बॉक्सची उष्णता कूलरपर्यंत न्यायचं कामही त्याचंच. तुमच्या ट्रॅक्टरमध्येही हायड्रॉलिकचे हात उचलतं ते ऑइलच, मग हे तुम्हाला पटायला जड जाऊ नये.

ही ऑइलातून ताकद नेण्याची युक्ती मुळात मोटारीसाठी काढलेलीच नव्हती. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. टर्बाइन फार वेगाने फिरतं आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो, त्या दोघांचा मेळ घालायला. मोटारीत पूर्ण ऑटोमॅटिक गिअर मोठ्या प्रमाणावर आला तो ओल्ड्समोबीलच्या १९४० च्या मॉडेलपासून.

त्यानंतरची एक गोष्ट या ऑइलचं मर्म सांगते. क्लच प्लेट धरताना ना झटका बसावा, ना ती जास्त घसरावी, अशी नेमकी पकड यावी म्हणून अमेरिकेत या ऑइलात स्पर्म व्हेलच्या तेलाचा अंश घालत असत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हेल वाचवण्यासाठी ते तेल बंद झालं. रसायनतज्ज्ञांनी दुसरे घटक शोधले, पण मधल्या काळात तिथल्या गिअरबॉक्सच्या तक्रारी वाढल्या. जाडी तीच, रंगही तोच, फक्त पकड घडवणारा थोडासा अंश बदललेला. तेवढ्याने फरक पडला. ‘ऑइल ते ऑइल’ म्हणणाऱ्याला यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही.

भाची : आणखी एक सांगते, रागावू नका. पावसाळ्यात तुम्ही शेजारच्या काकांची ऑटोमॅटिक गाडी चिखलातून ट्रॅक्टरनं ओढून काढलीत.

मामा : मग? बैल लावायला पाहिजे होते?

भाची : चिखलातून चार हात काढलीत ते ठीक. पण तशीच दोर लावून लासुर्ण्यापर्यंत नेलीत, इंजिन बंद ठेवून. ऑइलचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, ऑइल सगळं खाली तळाशी. आणि वर चाकं आतले शाफ्ट फिरवत राहिली, तेही कोरडे. गाडी न्यूट्रलला होती म्हणून ते टळत नाही. ऑटोमॅटिक गाडी लांब न्यायची तर दुसऱ्या गाडीवर चढवून, नाहीतर ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते ती चाकं उचलून.

मामा : हे मला कुणी सांगितलं न्हवतं.

भाची : पुस्तकात लिहिलेलं असतं.

मामा : पुस्तक इंग्रजीत. आन् ते बी डिक्कीत पिशवीत बांधलेलं.

यावर भाचीकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. या पट्ट्यात विकल्या जाणाऱ्या गाडीच्या मॅन्युअलची निदान देखभालीची पानं मराठीत असायला काय हरकत आहे, हे गाडी बनवणाऱ्यांनीच सांगावं.

मामा : आता माझं ऐक. तू म्हंतीस वर्कशॉपात या. मागं एका ठिकाणी मी गाडी दिली, बिलात ट्रान्समिशन ऑइल लावलं. घरी आणून खाली बघितलं, तर प्लगवरची धूळ बी हललेली न्हवती. दुसऱ्या ठिकाणी विचारलं तर म्हंत्यात, काका, ह्याला ऑइल बदलायचंच न्हाय, कंपनीनं आयुष्यभराचं भरलंय. एक न बदलता पैशे घेतो, दुसरा बदलायचंच न्हाय म्हंतो. मी कुणाचं ऐकू? माझ्या हातानं केलं तर मला कळतं तरी काय झालं ते.

भाची : पहिल्याचं मी समर्थन करणार नाही. मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसते, हे होतं हे मला माहीत आहे. त्यावर उपाय एकच. सीलबंद कॅन तुमच्यासमोर फोडायला सांगायचा, जुनं ऑइल मापात बघायचं, प्लगचा वॉशर नवा टाकायला लावायचा आणि जुना हातात घ्यायचा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून गाडी परत आणायची.

मामा : आन् आयुष्यभराचं?

भाची : कुणाच्या आयुष्यभराचं, ते विचारायचं. जगभरातल्या मोठमोठ्या कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी. गाडीवाले त्या बॉक्समधल्या ऑइलला ‘लाइफटाइम’ म्हणतात, आणि बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी बदला. तेही चांगल्या रस्त्यावर. आपल्याकडं साखर कारखाने सुरू झाल्यावर काय होतं ते तुम्हीच सांगा.

मामा : भवानीनगरपासनं रांग. पुढं डबल ट्रॉली, तिच्यापुढं बैलगाड्या. समोरनं वाहनं येत असली तर पुढं काढायची सोय न्हाय. पायी माणूस पुढं जाईल.

ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्च-एप्रिलपर्यंत हा रस्ता उसाचा असतो. आषाढीच्या आधी तोच तुकोबांच्या पालखीचा असतो. सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सगळे मुक्काम याच वाटेवरचे. दोन्ही वेळा गाडी माणसाच्या चालीने सरकते, आणि ऑइलवर नेमका तेव्हाच ताण येतो. गाडीने वेग घेतला की टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक लागतो, दोन्ही पंखे एकत्र फिरतात आणि ऑइल घुसळणं थांबतं. रांगेत तो लॉक लागतच नाही. पंखे ऑइलातच घसरत राहतात आणि घसरण्याची सगळी उष्णता ऑइलात उतरते. ढोबळ हिशेब असा धरतात की तापमान दहा अंशांनी वाढलं की ऑइल खराब होण्याचा वेग दुप्पट होतो. त्यात कूलरवरून वारा जायला वेग नाही, आणि उसाच्या पाचटाची धूळ कूलरच्या जाळीवर बसलेली. मॅन्युअलमध्ये ‘कठीण वापर’ म्हणून जो छोटा तक्ता असतो आणि जो कुणी वाचत नाही, तो या रस्त्याचंच वर्णन आहे. इथल्या गाडीला आयुष्यभराचं ऑइल ही कल्पना मला साफ चुकीची वाटते.

मामा : मग बदलायचं हे ठरलं. आता घरी तपासू तरी देशील का न्हाय?

भाची : तपासायचं तुम्हीच. माझं म्हणणं एवढंच, की ट्रॅक्टरच्या सवयीनं तपासू नका. ट्रॅक्टरचं कसं बघता?

मामा : सपाट जागेवर लावायचा, इंजिन बंद, हायड्रॉलिकचे हात खाली टेकवायचे, थंड झाला की काडी काढायची.

भाची : इथं उलट. ज्या गाडीला गिअरबॉक्सची डिपस्टिक आहे, ती पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणायची. सपाट जागेवर उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, पाय ब्रेकवर. इंजिन चालू ठेवूनच गिअरचा दांडा प्रत्येक खुणेवर दोन-तीन सेकंद थांबवत खालपर्यंत न्यायचा आणि परत पी वर आणायचा, म्हणजे आतल्या सगळ्या वाटा ऑइलनं भरतात. मग इंजिन चालूच ठेवून काडी काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची, आणि ‘हॉट’ लिहिलेल्या दोन खुणांच्या मधे ऑइल आहे का बघायचं. जुन्या होंडाच्या ऑटोमॅटिकला मात्र इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटात बघायला सांगितलेलं असतं. म्हणून पुस्तक.

मामा : पुसायला अंगावरचा गमजा चालंल?

भाची : नको. त्याचा एक धागा आत गेला तर तो व्हाल्व्हच्या सुईएवढ्या भोकात जाऊन बसेल. धागे न सुटणारं कापड घ्या. आणि पांढरा टिश्यू वेगळा घ्या, त्यावर काडीवरचा एक थेंब टाका.

तो थेंब बघण्यासारखा असतो. नवं ऑइल टिश्यूवर गुलाबी-लाल पसरतं आणि कडेला फिकट होत जातं. वापरलेलं विटकरी दिसतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण थेंब मधेच काळा राहिला, पसरला नाही, आणि नाकाशी नेल्यावर जळकट वास आला, तर क्लच प्लेटांचा लेप जळून ऑइलात उतरला आहे असं समजायचं. दुधाळ गुलाबी दिसला तर आत पाणी गेलंय, बहुतेक रेडिएटरमधला कूलर आतून फुटून. या बाबतीत ट्रॅक्टरवाल्याचा डोळा आधीच तयार असतो. चिखलणी करताना मागच्या अॅक्सलमध्ये पाणी शिरलं की ट्रॅक्टरचं ऑइलही असंच दुधाळ होतं, आणि मग ते एक दिवसही ठेवत नाहीत.

मामा : पण माझ्या गाडीला काडीच न्हाय. सगळं बॉनेट पालथं घातलं.

भाची : नाहीच. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना नसते, आणि माझा खरा मुद्दा इथंच आहे. तुमच्या गाडीत खाली एक प्लग आहे, त्याच्या आत वर गेलेली उभी नळी. गाडी चारही चाकांवर सपाट, इंजिन चालू, ऑइलचं तापमान कंपनीनं सांगितलेल्या टप्प्यात. पुष्कळ गाड्यांत तो ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा तो प्लग काढायचा. धार लागली तर ऑइल जास्त आहे, काहीच आलं नाही तर कमी, आणि बारीक ठिबक सुरू होऊन थांबत आली तर बरोबर. तापमान दहा-पंधरा अंशांनी जास्त असताना बघितलं तर ऑइल फुगलेलं असतं, तुम्हाला वाटतं भरपूर आहे आणि प्रत्यक्षात कमी. कमी असलं की पंप हवा ओढतो, गिअर उशिरा लागतात, प्लेटा घसरतात. जास्त असलं तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, आणि फेसाला दाब धरता येत नाही. दोन्हीकडून शेवट एकच. हे सगळं चालू इंजिनाखाली आडवं पडून करणार?

मामा : आडवं कशाला? माझा रॅम्प हाय. ट्रॉलीच्या कामासाठी खड्डा आन् दोन्हीकडनं बांधकाम. चारही चाकं वर. गवंड्याची पाण्याची नळी लावून चारही कोपरे मी तपासलेत, सुतात हाय. तुझी लिफ्ट तरी सपाट हाय का, कधी नळी लावलीस?

भाची : नाही लावली.

मामा : मग?

मामांचा हा मुद्दा मला पटला. जॅक लावून पुढची दोन चाकं उचलायची, मागची जमिनीवर, आणि गाडीखाली शिरायचं, ही पद्धत चूक तर आहेच, जिवावर बेतणारीही आहे. पण पक्का बांधलेला, पाणसळीत तपासलेला रॅम्प असेल तर ‘हे काम घरी होणारच नाही’ असं म्हणणं खोटं ठरतं. उरतो तापमानाचा प्रश्न. गाडीच्या दोष तपासायच्या सॉकेटला लावायचं ब्लूटूथ यंत्र आणि मोबाइलवरचं अॅप यांनी काही गाड्यांत ऑइलचं तापमान दिसतं, काहींत ते अॅप दाखवतच नाही. न दिसलं तर अंदाजाने प्लग उघडण्यात अर्थ नाही.

भाची : बरं, मधला मार्ग सांगते. पण क्रम माझा.

मामा : सांग.

भाची : आधी भरायचा प्लग सैल करायचा, मग खालचा.

मामा : ते मला शिकवू नको. खालचं सोडून दिलं आन् वरचा प्लग गंजलेला निघाला, तर गाडी जागेवरच. ट्रॅक्टरला बी आधी वरचाच.

भाची : चला, एवढं तरी जमलं आपलं. खालून निघेल ते स्वच्छ मापात धरायचं. एकूण आठ-नऊ लिटरच्या बॉक्समधून प्लगवाटे साधारण साडेतीन लिटर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये अडकून राहतं. ट्रॅक्टरसारखं रात्रभर निथळवलं तरी ते खाली येत नाही. जेवढं निघालं तेवढंच, सकाळी गाडी थंड असताना काढलं असेल तर तितकंच थंड नवं ऑइल, मोजून आत घालायचं. लिटरला दहा मिली इकडे-तिकडे चालेल. वॉशर नवा. प्लग टॉर्क पान्यानं आवळायचा, पाना नसेल तर बेतानं. अॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये आटे गेले तर रडायची वेळ येते.

मामा : आन् चुंबक?

भाची : प्लगवर किंवा तळाच्या पॅनमध्ये चुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा लेप दिसेल, तो चालतो. बोटात टोचतील असे धातूचे कण निघाले तर नवं ऑइल न भरता मला फोन करा.

मामा : हे सगळं मी करतो. मग वर्कशॉप कशाला?

भाची : लेव्हल बघायला. जेवढं काढलं तेवढं भरलं, पण आधीच कमी असेल तर आताही कमीच राहणार. स्कॅनर लावून, तापमान बघून तो एक प्लग आमच्याकडं उघडायचा. समोर उभं राहून बघा, कुणी अडवणार नाही. आणि दाबानं सगळं ऑइल धुऊन काढणारं मशीन कुणी सुचवलं तर नको म्हणा. पुष्कळ चाललेल्या बॉक्समध्ये साचलेला गाळ त्यानं हलून नको तिथं बसू शकतो. गाडी आधीच गिअर घसरवत असेल, तर नवं ऑइल तिला बरं करत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. मग म्हणू नका की भाचीच्या ऑइलनं बॉक्स गेला.

मामा : न्हाय म्हणणार. पण जुन्या ऑइलचं माझं मी बघतो. कुंपणाच्या लाकडाला लावलं की वाळवी लागत न्हाय. उरलं तर बांधावरच्या हराळीवर.

भाची : बांधाला लागून चारी आहे, मामा.

मामा : लई थोडं असतं ते.

भाची : अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा हिशेब आहे. एका गाडीच्या एका ऑइल बदलातलं जळकं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. आपल्या मापात ३७-३८ लाख लिटर. तुमचा ट्रॅक्टर एका वेळी पन्नास लिटर काढतो. ते बांधावरून चारीत, चारीतून खालच्या विहिरीत. आपल्याकडं २०१६ च्या घातक कचरा नियमांत हे ऑइल येतं, ते अधिकृत गोळा करणाऱ्याला किंवा शुद्ध करणाऱ्यालाच द्यायचं. आणि एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करून शुद्ध करून घ्यायची जबाबदारी टाकली आहे.

मामा : नियम दिल्लीत हाय. सणसरच्या वस्तीवर पिंप न्यायला कोण येतो?

मामांचा हा प्रश्न नियमाच्या नेमक्या दुबळ्या जागी बोट ठेवतो. वर्कशॉपला टाकी असते, नोंदवही असते, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा धाक असतो. अंगणात ऑइल बदलणाऱ्या शेतकऱ्याला यातलं काहीच नाही, आणि या पट्ट्यात सगळ्यात जास्त ऑइल अंगणातच बदललं जातं. नीरा डाव्या कालव्यावर बारामतीपासून इंदापूरपर्यंतची शेती उभी आहे. ऑइल विकणाऱ्या दुकानानेच जुनं ऑइल मापून परत घ्यावं, त्याचे चार पैसेही द्यावेत. दुधाचं संकलन वस्तीवस्तीवर करून दाखवलेल्या तालुक्यांना हे अवघड जाऊ नये.

भाची : तोपर्यंत पिंप आमच्याकडं आणा. आमच्या टाकीत घेते, ट्रॅक्टरचंही. पाणी किंवा डिझेल मिसळू नका, मिसळलेलं घेत नाहीत.

मामा : आणतो. कारखान्याची मोळी पडायच्या आधी पहिलं बदलू. माझ्या रॅम्पवर काढायचं-भरायचं, तुझ्या लिफ्टवर लेव्हल. किती पैशे घेशील लेव्हलचे?

भाची : ते नंतर. एकदा बदलून भागणार नाही. दर वेळी साधारण चाळीस टक्के ऑइल बदलतं. एकदा केलं की चाळीस टक्के नवं, दुसऱ्यांदा चौसष्ट, तिसऱ्यांदा अठ्ठ्याहत्तर. मधे काहीशे किलोमीटर चालवायची, म्हणजे नवं-जुनं मिसळतं.

मामा : तीनदा? साडेदहा लिटर ऑइल? दोनदा करू. टिश्यूवर लाल दिसलं की बास.

भाची : नव्या ऑइलचा रंग थोड्यातही लालच दिसतो. दोनदा करूनही आत छत्तीस टक्के जुनं राहतं.

मामा : त्या छत्तीस टक्क्यांवर मी हंगाम काढतो. मार्चमध्ये ऊस संपला की तिसरं.

भाची : ऑइल तापतं ते हंगामातच, मामा. ऊस संपल्यावर बदलून कुणाचा फायदा? तिन्ही दिवाळीच्या आत करा.

मामा : दिवाळीच्या आत उसाचं शेवटचं बिल तरी येतंय का बघ.